सात, पंधरा, आठ

सत्तावीस सक गेलं. उजव्या पायाने पेडल खाली दाबलं तेव्हा मानाजीच्या ओठांवर सत्तावीस पंचे एकशे पस्तीस होतं, आणि डावा पाय खाली येईपर्यंत पुढचा आकडा यायला हवा होता. तो आला नाही. पेडल फिरत राहिलं. गाणं अडलं की मागच्या ओळीपासून धरतात तसं त्याने मागून धरलं. सत्तावीस त्रिक एक्याऐंशी, सत्तावीस चोक एकशे आठ, सत्तावीस पंचे एकशे पस्तीस. आणि पुढे पांढरं. सदतीस वर्षं देवासच्या शाळेत गणित शिकवलेला माणूस, दोन ते तीसचे पाढे आणि वर पावकी, निमकी, दिडकी झोपेतसुद्धा म्हणणारा. मार्गशीर्षातल्या थंड सकाळी, मांडूच्या रस्त्यावरून धारकडे परतताना, सायकलवर बसल्या बसल्या त्याच्या डोक्यातल्या एका आकड्याची जागा रिकामी झाली होती. दोन्ही बाजूंना गहू वीतभर वर आला होता. समोरून वारा येत होता. वारा आपल्या कपाळातून आरपार जातोय असं त्याला वाटलं.

अण्णांचं असंच सुरू झालं होतं. हा विचार येऊ नये म्हणून त्याने जोरात पेडल मारलं, पण विचार सायकलच्या पुढे निघून गेला होता आणि वळणावर त्याची वाट पाहत थांबला होता. अण्णा, त्याचे वडील, शहाऐंशी वर्षांचे. सगळं आयुष्य जमीनमोजणीच्या खात्यात गेलेलं, साखळी घेऊन धार जिल्ह्यातली शेतं पायी तुडवलेली. पाढे मानाजीला त्यांनीच शिकवले, चालता चालता, पावलागणिक एक आकडा. ते अण्णा आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी अडीचकीत अडकले. अडीच साते म्हणाले आणि थांबले. मग हसले, लहान मूल चोरी पकडली गेल्यावर हसतं तसे. तेव्हापासून तो रोज दुपारी चारला त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसायचा आणि पाढे विचारायचा. मेंदूला व्यायाम हवा, असं त्याने कुठेतरी वाचलं होतं. बहुतेक दिवस अण्णा धडाधड म्हणायचे, उलट त्यालाच चिडवायचे, "मास्तर, आता तुम्ही म्हणा, एकोणतीस नव्वे?" आणि मधूनच एखाद्या दिवशी काहीच यायचं नाही. ओठ हलायचे, कपाळाला घाम यायचा, नजर मानाजीच्या खांद्यावरून पलीकडे जायची. गेले दोन महिने असे दिवस मानाजी वहीत टिपून ठेवत होता. तारीख, वेळ, काय चुकलं. गेल्या तीस तारखेला तर पाढ्यांपर्यंत गोष्ट आलीच नाही. अण्णा सकाळी साडेअकराला देवासच्या भोपाळ चौराह्यावर सापडले, एका पायात चप्पल, आणि त्याला म्हणाले, "आपण कोणाकडचे?" त्या दिवसापासून फाटकाला कुलूप होतं. इंदूरच्या मोठ्या डॉक्टरांची वेळ गुरुवारची मिळाली होती. बायको, अलका, कुलूप लावताना रोज तोंड फिरवायची.

आता आपली पाळी, मानाजीला वाटलं. एकसष्टाव्या वर्षी. इतक्या लवकर. त्याला भीती वाटली आणि भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, जणू कोणी भर वर्गात त्याला फळ्यापाशी बोलावलं होतं.

शर्यत दहा किलोमीटर धावण्याची, मग चाळीस सायकलची, मग पुन्हा पाच धावण्याची. धारच्या किल्ल्याखालून सुटून मांडूच्या रस्त्याने वीस किलोमीटर जायचं आणि परत यायचं. विपुलने त्याला या नादाला लावलं होतं. विपुल त्याचा जुना विद्यार्थी. त्याचे वडील कारखान्यात नोकरीला म्हणून साताऱ्याकडून देवासला आले होते, आणि आता तोही एका कारखान्यात होता. वर्षभर दर रविवारी तो मानाजीला बायपासवर पळवायचा. त्याच्याकडे मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ होतं. मानाजीकडे पाढे. एका पावलाला एक आकडा, सायकलवर एका फेरीला एक आकडा. आकडे एकमेकांच्या अंगावर पडायला लागले की वेग जास्त झाला, मधे ताणले गेले की कमी. विपुल हसायचा. "सर, ये पेटंट करवा लो." पण दोनदा घड्याळाशी ताडून पाहिलं तेव्हा पाढ्यांचं गणित बरोबर निघालं, आणि मग तो इतर पोरांना सांगत सुटला की सरांच्या डोक्यात मशीन आहे. त्याचे स्वतःचे नियम दोनच होते. "सर, पहिल्या दहात जीव काढायचा नाही. दुसऱ्यांना जाऊ द्या, ते पुढे भेटतातच. आणि भूक लागायच्या आधी खायचं. सायकलवर दर वीस मिनिटांनी. भूक लागली म्हणजे उशीर झाला." हे सांगताना तो बोट वर करायचा, अगदी मानाजी वर्गात करायचा तसं.

मानाजीने दोन्ही नियम मोडले होते. बंदूक वाजली तेव्हा गारठ्याने अंग आखडलं होतं, मग पाच मिनिटांत मोकळं झालं आणि सगळं फार सोपं वाटायला लागलं. शाळेतली पोरं पहिल्या पानावर मोत्यासारखं अक्षर काढतात तसं. पाढे भराभर येत होते. सतरा, अठरा, एकोणीस. आकडे एकमेकांच्या टाचांवर पाय देत होते, ते त्याला कळत होतं, तरी तो धावत होता, कारण एक चाळिशीचा टकला माणूस त्याच्या पुढे होता आणि मागे वळून म्हणाला होता, "आओ काका, आओ, शरमाओ मत." दहा किलोमीटरला पासष्ट मिनिटं घ्यायची ठरली होती. त्याने अठ्ठावन्न घेतली. सायकल काढताना विपुल दिसला, तो ओरडला, "सर, मार डालोगे क्या! खाओ कुछ!" मानाजीने हात हलवला. आणि खाल्लं नाही.

कारण आज संकष्टी होती. इतरांच्या घरी संकष्टीला साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, शेंगदाण्याचे लाडू चालतात. त्यांच्या घरी चंद्र दिसेपर्यंत पाणी, आणि सकाळी एकदा चहा. महिन्यातल्या दोन्ही एकादशींनाही तसंच, दुसऱ्या सकाळपर्यंत. संस्थानच्या काळापासूनची रीत. अण्णा म्हणायचे, खिचडीच खायची तर उपास कशाला, सण म्हणा. अलकाने काल रात्री बळेच दोनदा वाढलं होतं, आणि पहाटे निघताना त्याच्या पाठीवरच्या खिशात सहा खजूर कोंबले होते. "खजूर म्हणजे काही जेवण नाही. देवाला कळतं तेवढं." मानाजीने नको म्हटलं नाही. पण सायकलवर पहिली वीस मिनिटं झाली तेव्हा त्याला वाटलं, गरज कुठे आहे? चाळीस झाली तेव्हा वाटलं, आता निम्मं तर झालंच. खजूर खिशात राहिले तर उपास शाबूत राहील आणि शर्यतही होईल, दोन्ही होईल. वळणाच्या खांबाला वळसा घातला तेव्हा त्याला स्वतःचा अभिमानसुद्धा वाटला होता. पाठीवर सहा खजूर घेऊन उपाशी चाललेला माणूस. वाटेत झाडाखाली एक बाई मांडूची चिंच, म्हणजे गोरखचिंच, विकायला बसली होती, ती मोठाली, हिरवट, मखमली फळं तिने रस्त्याकडे तोंड करून ओळीने मांडली होती, आणि मानाजीला उगाचच त्या फळांचा राग आला. मग पुढच्या स्वाराच्या लाल टोपीचा राग आला. मग वाऱ्याचा. ओठांना मुंग्या येत होत्या. घाम थंड होता. मग सत्तावीसचा पाढा सुरू झाला.

सायकल रस्त्याच्या कडेला जात होती हे त्याला खडी वाजली तेव्हा कळलं. मागून कोणी ओरडलं, "ओ भिया, संभाल के!" आणि एक सायकल सूं करून गेली. त्याने ब्रेक दाबले. ब्रेक कुठल्या हाताला कुठला हे क्षणभर आठवलं नाही. पाय टेकला, सायकल त्याच्या मांडीवर कलंडली आणि तो तसाच उभा राहिला. समोर पन्नास पावलांवर एक पांढरा मांडव होता, पाण्याची टाकी, टेबल, शर्यतवाल्यांचा झेंडा. ते सगळं एका लांब नळीच्या टोकाला असल्यासारखं दिसत होतं. त्या नळीतून एक बाई पळत त्याच्याकडे आली. तिच्या गळ्यातल्या पट्टीवर नाव होतं, शिखा. धारलाच हाडांच्या दवाखान्यात व्यायाम करून घ्यायची, हे तिने त्याला धरून नेता नेता सांगितलं, बहुधा तो जागा राहावा म्हणून.

"बैठो काका. पहले बैठो, बात बाद में. चक्कर आ रहा है?"

"मला आकडे येत नाहीत," मानाजी मराठीत म्हणाला.

"आँ?"

"पहाड़े. भूल गया."

ती हसली नाही. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, हाताचा पंजा उलटा करून त्याच्या मानेला लावला. मग विचारलं, "सुबह से क्या खाया?"

हा प्रश्न मानाजीचाच होता. सदतीस वर्षं त्याने हाच विचारला होता. वैष्णवी नावाची एक मुलगी होती, पाचवीतली, वीटभट्टीवरून यायची. भागाकार मांडायची आणि मधेच थांबायची, पेन्सिल वहीवर टेकवून. इतर मास्तर तिला मठ्ठ म्हणायचे. मानाजीने तिच्या शेजारी बाकावर बसून विचारलं होतं, बाळ, सकाळी काय खाल्लंस? त्याच्या कपाटात खडूच्या खोक्यामागे फुटाण्यांचा आणि गुळाचा डबा असायचा. मूठभर फुटाणे, खडा गूळ, पाणी, दहा मिनिटं खिडकीतून बाहेर बघायचं. मग भागाकार. उत्तर अडलं की आधी पोट विचारावं, मग डोकं. नवीन मास्तरांना तो हे गंमतीने सांगायचा, पण ती गंमत नव्हती. त्याला कधी कुठल्या मुलावर ओरडावं लागलं नाही ते त्या डब्यामुळे.

"काका, क्या खाया?"

"आज उपास है."

"अरे वा," शिखा म्हणाली. "उपास आपका है, टाँगों ने थोड़ी रखा है. जेब में क्या फूला हुआ है?"

तिनेच खजूर काढले, बिया काढून एकेक त्याच्या हातावर ठेवला. त्याने पहिला तोंडात टाकला. काहीतरी मोडतंय असं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. गोड, चिकट, जिभेला इतकं गोड की डोळ्यांत पाणी आलं. दुसरा. तिसरा. तिने पेल्यात मीठ-साखरेचं पाणी दिलं, तेही तो प्याला. खुर्चीवर बसून तो समोरच्या गव्हाकडे बघत होता. आधी गहू नुसता हिरवा होता. मग हळूहळू त्यात ओळी दिसायला लागल्या. मग एकेक पात. एका पातीवर दव होतं. नळीचं तोंड रुंद होत होत नाहीसं झालं, आणि न बोलावता, आपणहून, घरचं मांजर दार ढकलून आत येतं तसं एकशे बासष्ट आलं.

त्याला हसू आलं. एवढंच होतं तर. नुसतं पोट रिकामं होतं. तो आजारी नव्हता, त्याचं काही गेलं नव्हतं. आणि हसू ओठांवर असतानाच त्याला अण्णांचं कपाळ दिसलं. दुपारची खुर्ची, हलणारे ओठ, थंड घाम, त्याच्या खांद्यावरून पलीकडे गेलेली नजर. ती नजर आत्ता त्याच्या स्वतःच्या डोळ्यांत होती. त्याने ती आतून पाहिली होती.

वहीची पानं त्याला पाठ होती. आकडे त्याला नेहमीच पाठ व्हायचे, न करताही. नऊ, सोळा, एकतीस. मग आठ, पंधरा, तीस. वाईट दिवसांच्या तारखा. त्याने त्या एकमेकींतून वजा केल्या, एखाद्या मुलाला फळ्यावर करून दाखवावं तसं सावकाश. सात. पंधरा. आठ. पुन्हा सात. पंधरा. आज आठ तारीख. तीसपासून आजपर्यंत, आठ. संकष्टीपासून एकादशी सात दिवसांवर. त्या एकादशीपासून पुढची पंधरा. तिच्यापासून संकष्टी आठ. आकाशात चंद्र जसा चालतो तसा अण्णांचा विसर चालत होता, आणि गणिताच्या मास्तराला तो दोन महिने वहीत लिहूनही दिसला नव्हता. इंग्रजी तारखा लिहिल्या म्हणून? नाही. तिथे पाहावं असं त्याला वाटलंच नाही म्हणून. ज्या जागेला हात जोडतो तिथे माणूस चूक शोधत नाही.

आणि गोळी. अण्णांची साखरेची, मधुमेहावरची गोळी. दिवाळीनंतर डॉक्टरांनी अर्धीची पूर्ण केली होती, न्याहारीबरोबर द्या म्हणाले होते. उपासाच्या दिवशी न्याहारी नसायची. पण औषध चुकवायचं नाही, या बाबतीत मानाजी कडक होता. सकाळी आठला गोळी आणि बिनसाखरेचा चहा, न चुकता, तो स्वतः उभा राहून द्यायचा. मग दुपारी चारला खुर्ची ओढायचा. "आठवा, अण्णा. आठवा. तुम्हाला येतं." एकदा तो ओरडलाही होता. जगातल्या सगळ्या मुलांना त्याने आधी खाऊ दिला होता. बापाला प्रश्न दिला. आणि वेळा, वहीतल्या वेळा! चार. पावणेचार. सव्वातीन. दीड. साडेबारा. मग भोपाळ चौराह्यावर साडेअकरा. दर उपासाला ती घटका अलीकडे येत होती.

"किती वाजले?"

"पौने नौ. काका, आराम से, अभी टाइम है. साढ़े नौ तक साइकिल अंदर चाहिए, बस. दस मिनट बैठो, निकल जाओगे."

"फोन देता का? फोन दो, बेटी."

अलकाचा नंबर बोटांनी एका दमात लावला. तिकडे बराच वेळ घंटी वाजली. मानाजीला स्वयंपाकघर दिसत होतं, ओट्याला हात पुसत येणारी अलका.

"हॅलो, कोण?"

"मी आहे. अण्णांना गोळी दिलीस?"

"अहो! पडलात का कुठे? हा कोणाचा नंबर? मी म्हटलं होतं तुम्हाला—"

"पडलो नाही. गोळी दिलीस का?"

"दिली की, आठला. तुमच्या हुकमाप्रमाणे. का?"

"कसे आहेत?"

"बसलेत उन्हात. आज जरा गप्प आहेत. दोनदा विचारलं, मानाजी शाळेतून आला का."

मानाजीने डोळे मिटले. "अलका, त्यांना दूध दे. साखर घालून, चांगली दोन चमचे. आत्ता. मग पोळी, भात, जे असेल ते."

"आज चतुर्थी आहे."

"माहीत आहे. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणून होतंय ते सगळं. दर उपासाला. तुला मग सांगतो. आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय उद्या गोळी द्यायची नाही."

"अगं बाई," अलका हळूच म्हणाली. मग तिचा आवाज बदलला, कामाचा झाला. "मी देते. पण ते घ्यायचे नाहीत. तुम्ही ओळखता त्यांना. मागं ताप होता तरी चंद्र बघूनच जेवले होते."

"त्यांना फोन दे."

रस्त्यावरून दोन सायकली गेल्या. तिसरी गेली, त्याच्या मागे चाळिशीचा टकला, तो आता फार हळू चालला होता आणि त्याने मानाजीकडे पाहून मान हलवली, आज नमतं घेतल्यासारखी. पलीकडे चपलांचा आवाज, अलकाचं "अण्णा, मानाजीचा फोन", मग मोठा श्वास. काय सांगायचं? सांगितलं तर ऐकणार नाहीत. हुकूम तर आठ महिने केलेच होते. मानाजीने स्वतःला विचारलं, एखादं मूल हट्टाने डबा उघडत नसेल तर तू काय करतोस? रागावत नाहीस. त्याच्या शेजारी बसतोस, आणि आधी आपला डबा उघडतोस.

"अण्णा."

"कोण? मानाजी? कुठे आहेस? शाळा सुटली?"

"धारला आहे, अण्णा. मांडूच्या रस्त्यावर."

"मांडूच्या रस्त्यावर." आवाज लांबून येत होता, मग थोडा जवळ आला. "मी मोजलाय तो. सगळा. उन्हाचा चालू नकोस."

"अण्णा, माझ्याकडून एक चूक झाली. मी उपास मोडला. भूक सोसली नाही. खजूर खाल्ले."

पलीकडे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. शिखा टेबलावर केळी मांडता मांडता थांबली होती. तिला शब्द कळत नसावेत, चेहरा कळत असावा. मानाजीला वाटलं, नजर गेली असेल, आत्ता ती खांद्यावरून पलीकडे गेली असेल, आपण उशीर केला.

"एकटाच आहेस?" अण्णा म्हणाले.

"एकटाच."

"हं." अण्णा शब्द शोधत होते, एकेक उचलून पाहत होते. मानाजीने सुचवला नाही. तो थांबला. "एकट्यानं मोडला तर... तर दोष लागतो. माझी आई म्हणायची. घरानं मोडला तर तो उपासच नव्हता."

"मग काय करू, अण्णा?"

"तू काय करणार! खाऊन बसलास. आता मलाच निस्तरायला हवं." आवाजात कुठेतरी जुना अण्णा चालत येत होता, साखळी ओढत. "अलका! अगं, काय आणलंयस ते? दूध? आण इकडे. या गाढवाला एकटा सोडता येत नाही."

"हळू, अण्णा, गरम आहे," अलका म्हणाली. तिचा आवाज रडवेला होता.

"तू फोन ठेवू नकोस रे," अण्णा म्हणाले.

"नाही ठेवत."

पेला दाताला लागल्याचा आवाज झाला. मग पहिला घोट. शिखाने मनगटावर बोट ठेवून घड्याळ दाखवलं, "काका, निकलना है तो अभी." मानाजीने हात वर केला, थांब म्हणून. रस्त्यावरून आणखी कोणी गेलं. अण्णा पीत होते. मधे थांबत होते, फुंकर घालत होते, दम घेत होते, पुन्हा पीत होते. मानाजी फोन कानाशी घट्ट धरून उभा होता, आणि त्याने घाई केली नाही.